विचारा, सांगतो : पडवीतला उजेड आणि मोठा पडदा

काका, नमस्कार. आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याचं जुनं घर, वर मंगलोरी कौलं. पुढची पडवी खिडक्या लावून बंद केली, तोच आमचा हॉल. माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आहे आणि सध्या तो ३२ इंची जुन्या टीव्हीला जोडलाय. यंदाच्या आंब्यातून सव्वा लाख रुपये टीव्हीसाठी बाजूला काढलेत. कणकवलीच्या दुकानात ५५ इंची ओएलईडी आणि ६५ इंची मिनी एलईडी साधारण एकाच किमतीत मिळतात. ओएलईडी बघितल्यावर दुसऱ्याकडे बघवेना. पण आई-बाबा दिवसभर बातम्या, मालिका आणि क्रिकेट बघतात, मी रात्री नऊनंतर खेळतो. बसायची जागा भिंतीपासून साडेआठ फुटांवर. भाऊ म्हणतो ६५ इंच एवढ्याशा खोलीत डोळ्यांची वाट लावेल. काय घेऊ?
– एक वाचक, देवगड तालुका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. किंमत लिहिलीत, इंच लिहिलेत, पण पडवीचं तोंड कुठल्या दिशेला ते लिहिलं नाहीत, आणि मला आधी तेच हवं होतं. म्हणून फोन केला. पश्चिमेला, समुद्राकडे. म्हणजे दुपारी तीनपासून दिवस बुडेपर्यंत ऊन थेट आत, आणि टीव्ही तुम्ही लावणार माजघराच्या भिंतीला, खिडक्यांच्या बरोबर समोर. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं सांगतो.

दुकानात ओएलईडी का भावला? तो दुकानाच्या आतल्या अंगाला, गडद भिंतीवर टांगलेला असतो. त्यावर फिरत असते ती चित्रफीतही काळ्या पडद्यावरचे रंगांचे थेंब, रात्रीचं शहर, अशी मुद्दाम निवडलेली. त्यात ओएलईडीच्या तोडीचं दुसरं काही नाही, हे मीही मानतो. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके, आणि काळं दाखवायचं तिथले ठिपके चक्क विझतात. मिनी एलईडी मुळात एलसीडीच. पुढे काचेचा पडदा आणि मागे बारीक दिवे, गटागटाने मंद-प्रखर होणारे. गट असतात काहीशे, महागड्या सेटमध्ये हजार-दोन हजार. ठिपके ८३ लाख आणि दिव्यांचे गट हजार, त्यामुळे काळ्या आभाळात एखादी चांदणी आली की तिच्याभोवती उजेडाचं धुकं दिसतं. रात्री दिवे मालवून खेळणाऱ्याला ते खुपतं.

आता तोच ओएलईडी तुमच्या पडवीत दुपारी चार वाजता बघा. त्याची काच बहुधा चकचकीत असते, आणि पडद्यातला काळा भाग खिडकीसमोर आरशासारखा वागतो. दुसरं, सगळा पडदा एकाच वेळी उजळ दाखवायचा असेल तर ओएलईडी आपला उजेड आपणहून खाली आणतो, नाहीतर वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात. दुपारचं क्रिकेट म्हणजे हेच. हिरवंगार मैदान, पांढरे कपडे, सगळा पडदा भरून ऊन. तुमच्या बाबांना चेंडू शोधावा लागेल. मिनी एलईडी अशा चित्रात दबत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बातम्यांच्या वाहिनीचं बोधचिन्ह कोपऱ्यात आणि लाल पट्टी खाली, रोज सहा-सात तास, तीच वाहिनी. ओएलईडीचे ठिपके वापराने झिजतात, आणि जे जास्त जळले ते जास्त झिजतात. काही वर्षांनी त्या पट्टीची सावली दुसऱ्या चित्रांवरही दिसू लागते. याला बर्न-इन म्हणतात, आणि बऱ्याच वॉरंट्यांत ते धरलेलं नसतं. हल्लीच्या सेटमध्ये त्यावर उपाय आहेत. ठिपके हळूच सरकवणं, बोधचिन्ह मंद करणं, आणि सेट बंद केल्यावर पॅनलची आतल्या आत दुरुस्ती करून घेणं. पण ही शेवटची दुरुस्ती सेट स्टँडबायवर, म्हणजे भिंतीवरचं बटण चालू असताना होते. आपल्याकडे रात्री निजताना विजेच्या भीतीने बोर्डावरचं बटण बंद करायची रीत घरोघर आहे, आणि ती रीत चुकीची नाही. फक्त अशा घरात ओएलईडीला स्वतःला सावरायला वेळच मिळत नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही.

तेव्हा तुमच्या घरासाठी ६५ इंची मिनी एलईडी. तुम्ही एकटे असता, खोली आतली काळोखी असती आणि टीव्ही फक्त रात्री लागत असता, तर मी न कचरता ओएलईडी सांगितला असता. घेताना नाव मात्र नीट वाचा. 'क्यूएलईडी' लिहिलेला प्रत्येक सेट मिनी एलईडी नसतो. रंग सुधारणारा क्वांटम डॉटचा थर घातलेला तो साधा एलसीडीही असू शकतो, आणि त्यात मागचे दिवे गटागटाने मंद होत नसतील तर काळोख करडाच दिसेल. 'फुल अॅरे लोकल डिमिंग आहे का आणि झोन, म्हणजे दिव्यांचे गट, किती' असं थेट विचारा. पॅनल व्हीए प्रकारचं असेल तर काळं चांगलं दिसतं, पण बाजूला बसलेल्याला रंग फिके वाटतात. आयपीएसचं याच्या उलट. तुमच्याकडे बसणारे तिघेच आणि समोरच बसणारे, तर व्हीए.

भावाला सांगा, मोठ्या पडद्याने डोळे जात नाहीत. लांब बसायचा नियम जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातला, तेव्हा जवळ गेलं की रेघा दिसायच्या. आज माझं गणित साधं आहे. पडद्याच्या इंचांना १.२ ने गुणलं की सिनेमासारखा भरगच्च अनुभव देणारं अंतर मिळतं आणि १.६ ने गुणलं की निवांत बघायचं. ६५ इंचांसाठी ते साडेसहा फूट आणि साधारण पावणेनऊ फूट. तुमचे साडेआठ फूट बरोबर त्यात बसतात. उलट ५५ इंच तिथून थोडा लहानच वाटेल. तरी खात्री करायची तर वर्तमानपत्रं चिकटवून १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच असा चौकोन करा, भिंतीला लावा आणि दोन दिवस त्याच्यासमोर जेवा. मी सगळ्या गिऱ्हाइकांना हे करायला लावतो. चौकोनाचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत यायला हवा, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. लोक देव्हाऱ्याच्या उंचीवर टीव्ही टांगतात आणि मग मान दुखते म्हणून पडद्याला दोष देतात.

एक गोष्ट आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. फ्री डिशवरच्या किंवा साध्या केबलवरच्या बऱ्याच वाहिन्यांचं चित्र ५७६ रेघांचं असतं. ते २१६० रेघांच्या पडद्यावर ताणलं की चेहरे मेणासारखे दिसतात. नव्या टीव्हीचं चित्र जुन्यापेक्षा वाईट, अशी तक्रार माझ्याकडे दर दिवाळीनंतर येते. दोष टीव्हीचा नसतो. एचडी सेट-टॉप बॉक्स आणि एचडी वाहिन्या घ्या, निदान त्या दोघांच्या आवडीच्या तरी.

आता खेळाचं. प्लेस्टेशन ५ चित्र ४के, १२० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांपर्यंत देतो. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० ला ८.३. सगळे गेम १२० वर चालत नाहीत, बरेचसे ६० वरच खेळाल, पण सेट आठ-दहा वर्षांसाठी घेताय तर पॅनल खरोखर १२० किंवा १४४ हर्ट्झचं घ्या. खोक्यावर 'मोशन रेट २४०' वगैरे छापलेलं असतं, ते आकडे सोडून द्या आणि 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' विचारा. एचडीएमआय २.१ असं लिहिलं म्हणजे त्यातलं सगळं मिळतंच असं नाही. विक्रेत्याला वेगवेगळं विचारा. ४के १२० हर्ट्झ चालतं का, व्हीआरआर आहे का, एएलएलएम आहे का, आणि चारपैकी कुठल्या पोर्टवर? अनेक सेटमध्ये अशी पोर्ट दोनच असतात, आणि त्यातलंच एक साउंडबारसाठीचं ई-आर्क असतं. साउंडबार लावलात की खेळासाठी उरतं एक.

व्हीआरआर म्हणजे गेमचा वेग कमी-जास्त झाला की पडदाही त्याच्या चालीने चालतो आणि चित्र फाटल्यासारखं दिसत नाही. प्लेस्टेशन ५ मध्ये ही सोय एप्रिल २०२२ मध्ये आली. एएलएलएममुळे खेळ सुरू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. तो मोड नसेल तर चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही वेळ घेतो, बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा उडी मारतो, आणि मुलांना वाटतं कंट्रोलर बिघडला. केबल नवी घेऊ नका, कन्सोलबरोबर आलेलीच वापरा, ती पुरेशा ताकदीची असते. माझा आग्रह एवढाच, की कन्सोल पिशवीत घालून कणकवलीला घेऊन जा. सेटिंग्जमध्ये व्हिडिओ आउटपुटची माहिती दाखवणारं पान आहे. तिथे २१६० आणि १२० हर्ट्झ दिसतंय का ते पैसे देण्याआधी स्वतः वाचा. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० या चित्रातले उजळ आणि काळोखे भाग जास्त खुलवायच्या दोन पद्धती. डॉल्बी व्हिजनसाठी वेगळे पैसे मोजायचे तर सिनेमे-मालिकांसाठी मोजा. प्लेस्टेशन ५ चे गेम एचडीआर१० मध्येच येतात.

आता ज्याच्यासाठी मी हा रकाना लिहायचं कबूल केलं, ते. खारा वारा.

माझं दुरुस्तीचं दुकान मालवणात १९९६ पासून आहे. तेव्हा पावसाळ्यात पिक्चर ट्यूबच्या सेटमधून चरचर आवाज यायचा, मिठाच्या थरातून उच्च दाबाची वीज झिरपायची. ट्यूब गेल्या, मीठ राहिलं. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, आणि आत बोर्डावर बसलेला त्याचा पातळ थर जुलै-ऑगस्टात ओला होतो. पाठचं झाकण उघडलं की मला काय दिसतं सांगू? स्क्रू गंजलेले, एचडीएमआयच्या पोर्टात हिरवट बुरशीसारखं काहीतरी, चपट्या केबलच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या. पट्ट्या साफ करून मी अनेक सेट परत उभे केलेत. पण पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या बारीक फितींपर्यंत ओल गेली की उभ्या रेघा येतात, आणि ते काम माझ्या हातचं राहत नाही. पॅनल बदलायचं तर जवळजवळ नव्या टीव्हीचे पैसे.

चिवल्याकडच्या एक मावशी मागच्या पावसात आल्या. "आवाज येता, चित्र येणा नाय." त्यांच्या घरी जाऊन खोली काळोखी केली आणि पडद्यावर तिरकी बॅटरी मारली, तर मालिका चालू होती, अगदी पुसट. म्हणजे चित्र ठीक होतं, मागचे दिवे गेले होते. साध्या एलईडी सेटला दिव्यांच्या पट्ट्या मिळतात, स्वस्तही असतात. मिनी एलईडीत मागचा सगळा फलक बदलावा लागू शकतो, तो महाग. मी तुम्हाला मिनी एलईडी घ्या म्हणतोय, म्हणून ही त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाढीव वॉरंटी मी सहसा सुचवत नाही, पण समुद्रापासून दहा मिनिटांवर सुचवतो. तंत्रज्ञ कुठून येतो तेही विचारा. कोल्हापूरहून येणार असेल तर जुलैत घाटाची अवस्था काय असते ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून टीव्ही माजघराच्या भिंतीला नको. पडवीच्या उत्तरेच्या आडव्या भिंतीला लावा आणि बसायची जागा तेवढ्याच अंतरावर फिरवून घ्या. खिडक्या बाजूला येतील, समोर येणार नाहीत. खिडकीतून येणारं वारं थेट पाठीवर बसणार नाही. आणि आपला पाऊस नैर्ऋत्येचा, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती पाझरतात तशी उत्तरेची पाझरत नाही. चिरा सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, आणि ठिसूळ चिऱ्यात फास्टनर दोन पावसाळ्यांत सैल पडतो. २०-२५ किलोचा सेट त्यावर सोडायचा नाही. टांगायचाच असेल तर आधी जाड लाकडी फळी सात-आठ ठिकाणी आवळा आणि ब्रॅकेट फळीला लावा, म्हणजे वजनही वाटलं जाईल आणि मागे हवाही खेळेल. मला विचाराल तर लाकडी कपाटावर ठेवा, भिंतीपासून चार बोटं पुढे. मोठ्या सेटचे पाय दोन टोकांना असतात, कपाटाची लांबी आधी मोजून घ्या. पाठीमागे एक मंद पिवळा दिवा लावा. रात्री डोळ्यांना आराम मिळतो आणि ते चांदणीभोवतीचं धुकंही कमी जाणवतं.

विजेचं थोडक्यात. कमी दाबाने हल्लीचे टीव्ही मरत नाहीत, बहुतेक सेट १०० व्होल्टपासून चालतात. मरतात जादा दाबाने. झाड पडून न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात शिरू शकतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर माझ्या दुकानात उडालेल्या पॉवर बोर्डांची रांग लागली होती. जादा दाबाला लाइन तोडणारं उपकरण आणि सर्ज प्रोटेक्टर, दोन्ही घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं. गडगडाट ऐकू आला की टीव्हीच्या प्लगबरोबर डिशची केबलही काढा. वीज छपरावरच्या डिशमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत शिरते. प्लग काढलेला असूनही सेट गेला, असं लोक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा वाट हीच असते.

सव्वा लाखातले दहा हजार या सगळ्यासाठी ठेवा. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीच्या कोटेशनशी आजची किंमत ताडून बघू नका. आणि सेट कणकवलीहून आणताना टेम्पोत उभाच ठेवा, आडवा नाही.

गुहागरला आमचं छोटं होम स्टे आहे. पाहुण्यांच्या मुलांसाठी अंगणात मोठा पडदा लावून सिनेमे आणि गेम दाखवावेत असं वाटतं. प्रोजेक्टर घ्यावा की ७५ इंची टीव्ही?
– एक वाचक भगिनी, गुहागर

ताई, अंगणात असेल तर प्रोजेक्टर. टीव्ही उघड्यावर न्यायचा नाही, रोज आत-बाहेर तर मुळीच नाही. ७५ इंची सेट १६६ सेंटिमीटर रुंद असतो, दोन माणसांनी जपून उचलायची वस्तू, आणि कडेला एक धक्का पुरतो.

पण प्रोजेक्टर तुम्हाला ऑक्टोबर ते मे असाच वापरता येईल, आणि तोही दिवेलागणीनंतर. १०० इंची चित्र २२१ सेंटिमीटर रुंद होतं. बहुतेक साध्या प्रोजेक्टरना त्यासाठी नऊ-दहा फूट अंतर लागतं, तेवढी मोकळी जागा अंगणात आहे का ते आधी दोरी धरून बघा. उजेडाचा आकडा 'एन्सी ल्युमेन'मध्ये विचारा. स्वस्त प्रोजेक्टरच्या जाहिरातीत दहा-दहा हजार ल्युमेन लिहितात, त्याला काही अर्थ नसतो. पडद्यासाठी साधं, चमक नसलेलं पांढरं कापड ताणून लावलं तरी चालतं. ते वाऱ्याला फडफडणार नाही एवढं बघा, हललेल्या चित्राने मुलांना गरगरतं.

आपल्या किनाऱ्यावर प्रोजेक्टरचा शत्रू म्हणजे भिंगावरची बुरशी. कॅमेऱ्याच्या भिंगावर येते तीच. पावसाळ्यात तो कपाटात नुसता ठेवलात तर सप्टेंबरात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसेल, आणि ती पुसून जात नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्या महिन्याने बदला किंवा गरम करून परत वापरा. महिन्यातून एकदा बाहेर काढून तासभर चालवा. त्याची स्वतःची ऊब हेच उत्तम औषध. रात्री किडे उजेडाकडे येतात आणि पंख्याच्या जाळीतून आत ओढले जातात, ती जाळी आठवड्याला ब्रशने झाडा.

खेळासाठी मात्र गेम मोड असलेलाच घ्या, नसेल तर चेंडू जाऊन पडल्यावर बॅट फिरते. पाहुण्यांची पोरं फार लवकर कंटाळतात अशा खेळाला.

पावसाळ्यातही पाहुणे येत असतील तर आतल्या ओटीसाठी पुढे-मागे एक ५५ इंची साधा चांगला एलईडी घ्या. दोन्ही एकदम घेऊ नका. आधी एक हंगाम प्रोजेक्टर वापरून बघा, मुलं खरंच बसतात की समुद्रावरच रमतात ते कळेल.

काका, मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगला आहे. खोलीत टेबल एकच, त्यावर अभ्यास, कोडिंग आणि पीसी गेमिंग. त्याच पैशांत २७ इंची गेमिंग मॉनिटर की ४३ इंची ४के टीव्ही?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

मॉनिटर घे. टेबलावर तुझं तोंड पडद्यापासून दोन-सव्वादोन फुटांवर असणार. तिथे ४३ इंच म्हणजे कोपऱ्यातला नकाशा बघायला प्रत्येक वेळी मान वळवावी लागणार. २७ इंची १४४०पी, म्हणजे १४४० रेघांच्या मॉनिटरवर एका इंचात १०९ ठिपके येतात आणि ४३ इंची ४के टीव्हीवर १०२. म्हणजे ४के असूनही अक्षर जास्त बारीक दिसणार नाही. स्वस्त ४३ इंची टीव्ही बहुतेक ६० हर्ट्झचेच असतात. त्याच पैशांत मॉनिटर १४४ किंवा त्याच्याही वरचा मिळतो, आणि तू नेमबाजीचे गेम खेळत असशील तर फरक पहिल्याच दिवशी हाताला जाणवेल. टीव्हीवर कोडिंग करायचं तर पीसी मोड शोधून लावावा लागतो, नाहीतर रंगीत अक्षरांच्या कडा फुटतात.

तुझं ग्राफिक्स कार्ड कुठलं ते लिहिलं नाहीस. साधं असेल तर ४के हा शब्दच विसर, १४४०पी पुरे. सिनेमा बघायचा मोठा पडदा नोकरी लागल्यावर घे, तोपर्यंत आणखी स्वस्त होईल. आणि टेबल खिडकीला पाठ करून नको, काटकोनात लाव.

आम्ही ठाण्यात असतो. श्रीवर्धनजवळच्या गावच्या घरात मागच्या गणपतीत नवा ५५ इंची टीव्ही घेतला. शिमग्याला गेलो तर अर्ध्या पडद्यावर रेघा. तंत्रज्ञ म्हणाला, ओल गेली. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेवला होता, तरी असं का?
– एक चाकरमानी

दादा, प्लास्टिकमध्ये गुंडाळला म्हणूनच. गणपतीत हवा ओलीच असते. तीच ओली हवा तुम्ही आत कोंडलीत आणि वर बंद घराचं दार लावलंत. दिवसा तापून आणि रात्री निवून आत दव धरत राहिलं असणार. चालू सेटला त्याची ऊब राखते. बंद घरातला सेट वापरातल्या सेटपेक्षा लवकर जातो, हे मी कित्येकदा पाहिलंय.

आता वॉरंटीत पॅनल बदलून मिळतंय का बघा. वर्ष झालं नसेल तर लेखी तक्रार आजच करा, बिल जोडून. तंत्रज्ञाने तपासणीचा कागद दिला असेल तर त्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. पाणी आत गेल्याचं लिहिलं असेल तर वॉरंटी नाकारतील. हवेतली ओल आणि सांडलेलं पाणी यांत फरक आहे, तो तक्रारीत स्पष्ट मांडा.

बदलून मिळाला तर पुढच्या वेळी असं करा. जाताना सेट जाड सुती चादरीने झाका, तळाशी आणि पाठीला हवा राहू द्या. बंद कपाटात ठेवणार असाल तर आत सिलिका जेल ठेवा. जमिनीवर किंवा पाझरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. प्लग, डिशची केबल आणि एचडीएमआय तिन्ही काढा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तुमच्याच भागात धडकलं, छपरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल, म्हणून जूनपूर्वी वरची कौलं बघून घ्या. टीव्ही फुटक्या कौलाखाली नको. पाल आत शिरून पॉवर बोर्डावर मरते आणि बोर्ड जळतो, त्यामुळे येताच लगेच सुरू करू नका. खिडक्या उघडा, खोली दिवसभर वारू द्या, बॅटरीने पाठीमागच्या फटींतून आत बघा आणि दुसऱ्या दिवशी लावा.

शेजाऱ्यांकडे किल्ली असते ना? पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर टीव्ही लावायला सांगा. त्यांची मालिका बघून होईल आणि सेट कोरडा राहील. ते जमणार नसेल तर ठाण्याला परतताना रिमोटमधले सेलही काढून ठेवा, पडून राहिले की ते पाझरू शकतात.